मामांचे फर्मे

भिवंडीजवळच्या राहनाळमध्ये मला नावाने हाक मारणारं कोणी नाही. लग्न करून मी सासऱ्यांच्या घरी राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या आळीचा जावई झालो. दूधवाला, समोरच्या गोडाऊनचा वॉचमन, किराणावाला, सगळे जावईच म्हणतात. बायको चारचौघांत ‘अहो’ म्हणते, दोघंच असलो की ‘तू’ म्हणते. सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि ते मला जावईबापू.

माझं घर अकलोलीजवळ. गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या लोकांना वडील चहा आणि नारळ विकायचे, अजूनही विकतात. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, वर्षभर नोकरी शोधली आणि शेवटी भिवंडीत एका प्लायवूडच्या दुकानात काउंटरवर लागलो. मामा तिथे माल घ्यायला यायचे. एकदा एका कामाला प्लायच्या तीन शीट लागतील असं ते म्हणत होते. मी कागदावर आखून तेच सगळे तुकडे दोन शीटमध्ये बसवून दाखवले. तो कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. तीन महिन्यांनी ते आमच्या घरी आले, चहा प्यायले आणि वडिलांकडे विषय काढला. त्यांना एकुलती एक मुलगी. लग्नानंतर मी राहनाळला राहायचं, ही अट कोणी बोलून दाखवली नाही. वडिलांनी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही, आणि मीही गप्प बसलो. मुलगी मला आवडली होती. बाकी सगळं नंतर बघू, असं वाटलं.

नंतर बघायला काही उरलंच नाही. त्या घरात मला कोणी कधी वाईट बोललं नाही. उलट पाण्याचा तांब्यासुद्धा मला उठून घ्यावा लागत नसे. मी उठलो की सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो, लगबगीने पुढे व्हायच्या. माझ्यासाठी मोटारसायकल आली, तिचा रंग मामांनी ठरवला. दिवाळीला शर्ट आले, ते शिवूनच आले. मामांनी मला कधीही ‘हे करा’ असं म्हटलं नाही. ते दुसऱ्यांना सांगायचे, ‘आमचे जावई करतील,’ आणि मग ते मला करावं लागायचं. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नाही त्याच्याशी भांडायचं कुठून सुरू करणार?

मामांची बरीचशी जमीन गोडाऊनवाल्यांकडे भाड्याने आहे. त्या भाड्यावर सगळं घर बसून खाऊ शकतं. पण मामा तरुणपणी सुतारकाम शिकलेले, त्यामुळे एक गाळा त्यांनी स्वतःसाठी ठेवला आणि तिथे सोफ्याच्या लाकडी फ्रेम बनवायला सुरुवात केली. सोफ्याचा हात, पाठ, पाय, यांत सरळ काही नसतं, सगळी वळणं. ती वळणं दरवेळी नव्याने काढत नाहीत. एकदा हार्डबोर्डमध्ये नीट कापून ठेवायची, त्याला फर्मा म्हणतात. फर्मा लाकडावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि आऱ्यावर कापायचं. मामांचे असे एकशे चाळीसच्या वर फर्मे गाळ्याच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेले होते. प्रत्येक त्यांनी स्वतः घासून काढलेला. मामांखेरीज फर्म्यांना हात लावायची परवानगी दोघांनाच होती. एक मोठा मिस्त्री, उत्तर प्रदेशातून आलेला आणि मामांबरोबर पहिल्यापासून असलेला. दुसरा मी.

लग्नाला चार वर्षं होत आली तेव्हाची गोष्ट. आमचा माल घेणाऱ्या कंपनीचा एक माणूस गाळ्यावर आला. सोफे जोडायचं त्यांचं गोडाऊन आमच्यापासून जवळच आहे. तो म्हणाला, यापुढे फ्रेमचे भाग कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, म्हणजे सीएनसीवर, कापून हवेत. प्रत्येक भाग दुसऱ्यासारखा तंतोतंत हवा. त्यासाठी सगळ्या फर्म्यांच्या फाइल लागतील.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मी समोरच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“देऊ ना,” ते म्हणाले. “आमचे जावई करतील. त्यांनी त्याचाच कोर्स केलेला हाय.”

मी केला होता तो इमारतींचे नकाशे काढायचा कोर्स. आणि भिंतीवरचं हार्डबोर्ड कॉम्प्युटरमध्ये कसं घालायचं, हे मला आयटीआयमध्ये कोणीच शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी धड जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगितलं. मामींनी ओव्याचं पाणी करून दिलं.

एक गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. आयटीआयमधला माझा एक मित्र चाकणला फर्निचरच्या कारखान्यात होता. त्यांच्या डिझाइन विभागात जागा रिकामी होणार होती, आणि त्यांना अगदी असंच काम येणारा माणूस हवा होता. लाकडी किंवा पुठ्ठ्याचा नमुना बघून त्याची फाइल करणारा. मित्र फोनवर म्हणाला होता, “येतं का तुला? येत असेल तर सांग.” येत नव्हतं. पण मामांनी हो म्हटल्यावर माझ्या मनात आलं, इथेच शिकू आणि जाऊ. मामांचं काम मी मन लावून केलं यात खोटं काही नाही. फक्त ते मी कशासाठी केलं, ते त्यांना वाटत होतं तसं नव्हतं.

आधी वाशीहून थ्रीडी स्कॅनर घेऊन येणाऱ्या एकाला फोन लावला. मामा शेजारी बसले होते, स्पीकर चालू होता. फर्मे किती, असं त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि त्याने एका फर्म्याचा दर सांगितला. मामांनी बोलणं पुरं होऊ दिलं नाही. हातानेच फोन ठेवायची खूण केली.

मग मी सोफ्याच्या पाठीचा एक फर्मा उचलला आणि शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. साडेचार फुटांचा तो फर्मा रिक्षातून बाहेर येत होता. मोटारसायकलवाल्यांना लागू नये म्हणून मी तो पोटाशी धरून तिरका बसलो होतो. नाक्यावर ट्रक अडकलेला, पाऊण तास आम्ही एकाच जागी. डावीकडून बाई, उजवीकडून पोतं, समोर हार्डबोर्ड. नाक हार्डबोर्डला टेकलं होतं. तेव्हा मला हसू आलं नाही, आता थोडं येतं.

झेरॉक्सवाल्याची स्कॅनरची काच वहीच्या पानाएवढी. झाकण उघडं ठेवून, फर्मा पुढे पुढे सरकवत त्याने आठ तुकडे स्कॅन करून दिले. घरी येऊन ते लॅपटॉपवर जोडायला बसलो. प्रत्येक सांध्यात काडीएवढा फरक. वळण ठिकठिकाणी गुडघ्यासारखं मोडलेलं.

तिसरा प्रयत्न मोबाइलचा. फर्मा जमिनीवर ठेवला, स्टुलावर उभा राहून फोटो काढला, सॉफ्टवेअरमध्ये टाकला, कडेने रेघ ओढली. हे सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं, व्हिडिओ बघून शिकलो. पलीकडच्या गल्लीत एकाकडे सीएनसी होती, त्याच्याकडून सोफ्याचा एक हात नमुन्यादाखल कापून आणला. मिस्त्रीने तो मूळ फर्म्यावर ठेवला. मधे बोटभर बाहेर.

“जमाईजी,” तो म्हणाला, “ये तो बीच में फूल गया। खाना खाके सोया है क्या?”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. “होईल, होईल,” म्हणाले. ते हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

बायकोला मी संध्याकाळी तो हात दाखवला. ती घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तिने मोबाइलमधला फोटो बघितला, मग लाकूड बघितलं.

“जवळून सेल्फी काढला की नाक मोठं दिसतं ना, तसंच झालंय,” ती म्हणाली. “लांबून काढ. जितकं लांब जाता येईल तितकं जा आणि झूम कर.”

“किती लांब जाणार? गाळ्याला छत आहे.”

“पोटमाळा आहे ना?”

पोटमाळ्यावर आम्ही जुनं फोम आणि गोणपाट टाकतो. तो जमिनीपासून चौदा फुटांवर आहे. मी तिथे कडेला पालथं पडायचं आणि हात बाहेर काढून खाली बघत फोटो काढायचा, असं ठरलं. मोबाइल हलू नये म्हणून एक लाकडी पट्टी बाहेर काढून तिला तो बांधला. खाली पांढऱ्या सनमायकाचा बोर्ड ठेवला आणि त्यावर चार चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या. गुण्या लावून, टेपने दोनदा मोजून, अगदी काटकोनात. चार चुकांमधलं अंतर माहीत असलं की कॉम्प्युटरवर फोटो त्या मापाला ताणून बसवता येतो. फोन बोर्डच्या बरोबर मधोमध आहे की नाही ते बघायला पट्टीवरून ओळंबा सोडला.

तरीही पहिल्या खेपेला माप थोडं मोठंच आलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की फर्म्याला जाडी आहे. त्याची वरची कड बोर्डपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असते, म्हणून ती मोठी दिसते. मग फर्म्याचा फोटो काढायचं सोडून दिलं. तो खाकी कागदावर ठेवायचा, टोकदार पेन्सिलीने कडेने रेघ मारायची आणि त्या कागदाचा फोटो काढायचा. कागदाला जाडी नसते.

रेघ कॉम्प्युटरवर गिरवायचीही एक खुबी असते. आधी मी वळणावर शंभर ठिपके टाकायचो, की काही सुटू नये. त्याने वळण थरथरतं, म्हाताऱ्याच्या सहीसारखं. नंतर कळलं की ठिपके कमीत कमी हवेत. जिथे वळण खरोखर दिशा बदलतं तिथेच एक ठेवायचा. सोफ्याचा अख्खा हात सात ठिपक्यांत बसतो. मग त्याची एक प्रत जुन्या पुठ्ठ्यात कापून फर्म्यावर ठेवायची. बोट फिरवून कड लागली नाही, की फाइल पक्की. या सगळ्याला खर्च आला तो कागदाचा आणि पेन्सिलींचा.

एकच अडचण होती. शेजारच्या गाळ्यात कापड विणायच्या लूम आहेत. त्या चालू असल्या की आमच्या भिंती आणि पोटमाळा सारखा थरथरतो, फोटो हलतात. लूम बंद असतात फक्त शुक्रवारी. म्हणून आमचं हे काम शुक्रवारचं झालं. बाकीच्या दिवशी मी कागदांवर रेघा मारून ठेवायचो आणि शुक्रवारी एकदम पंधरा-वीस फोटो काढायचो.

शुक्रवारी मिस्त्री नमाजला जायचा, कारागीर सुट्टीवर असायचे. गाळ्यात मी आणि मामा दोघंच. मी वर पालथा, मामा खाली कागद बदलायला आणि ओळंबा स्थिर करायला. एरवी लूमच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्या शांततेत आम्हा दोघांना बोलायला अवघड जायचं. मला वरून त्यांचं टक्कल आणि दोन खांदे दिसायचे. ते प्रत्येक फर्म्याची हकिगत सांगायचे. हा कोणत्या दिवाळीचा, हा कोणा सिंधी शेठने मासिकातलं चित्र दाखवून करून घेतलेला, हा फसला होता तरी टाकवला नाही.

“जावईबापू,” एकदा ते वर न बघताच म्हणाले, “मना वाटायचा, मी गेलो का हे सगला भंगारात जाईल. आता न्हाय जानार.”

सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, “मामा, कागद जरा डावीकडे घ्या.”

एका शुक्रवारी त्यांच्या सगळ्यात आवडत्या पाठीची पाळी आली. तीन माणसांच्या सोफ्याची पाठ, मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरणारी. कॉम्प्युटरवर अशा आकाराचा अर्धाच भाग काढतात आणि तो उलटा करून दुसरी बाजू करतात. मी तसं केलं, पुठ्ठा कापला, फर्म्यावर ठेवला. डावीकडे चपखल बसला. उजवीकडे फर्मा चार मिलिमीटर खाली. पुठ्ठा उलटा करून बघितला, तरी तेच. म्हणजे फर्माच वाकडा होता.

मामांनी चष्मा लावला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“मंजे इतकी वर्सा मी लोकांना वाकड्यावर बसवला?”

“चार मिलिमीटर मामा. कोणाला कळणार?”

“तुमच्या मशीनला कलला ना.”

ते बाहेर जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी मोबाइलवर चाकणच्या मित्राचा मेसेज आलेला होता. त्यांना नमुन्याची फाइल आणि त्यावरून कापलेला तुकडा हवा होता. मी मामांच्या सोफ्याचा हात पाठवला. सात ठिपके. माझं काम म्हणून पाठवला, आणि फाइल माझीच होती. वळण कोणाचं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी चाकणहून फोन आला. तुम्ही कधी येऊ शकता, असं विचारत होते. मी म्हटलं, येतो. तारीख तेवढी कळवतो.

त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस फाइल बघायला गाळ्यावर आला. सगळ्या बघून खूश झाला. मामा त्याला म्हणाले, “आता दुसऱ्याच्या मशीनवर कशाला? आमी सोताची घेतो. बाजूचा गाला रिकामा करून घेतलाय. मशीन आनि गाला, दोनी जावयांच्या नावावर. सोमवारी कागद.”

हे मला त्या माणसाबरोबरच कळलं. त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मामांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी तिकडे बघू शकलो नाही. गाळ्याचं शटर अर्धं ओढलेलं होतं, मी वाकून बाहेर गेलो आणि रस्त्यावर कंटेनरच्या रांगेमागे उभा राहिलो. सोमवारी सही केली की मी त्या जमिनीत रोवला जाणार होतो, आणि सही करू नये असं एकही कारण मला त्यांच्यापुढे बोलता येत नव्हतं. माझ्या वडिलांना आयुष्यभर कोणी एक खोली दिली नव्हती. मला गाळा मिळत होता आणि मी पळायला जागा शोधत होतो. याची लाजही वाटत होती.

संध्याकाळी शिकवणीची मुलं गेल्यावर मी बायकोला गच्चीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. चाकण, नमुना, फोन, सगळं. सांगता सांगता मला हुरूप आला. तिथे दोन खोल्या मिळतात, मित्राची बायको शेजारीच राहते, तुलाही सोबत होईल, आपलं आपण राहू.

ती वाळत घातलेले कपडे काढत होती. एक चादर हातात तशीच राहिली.

“तू त्यांना येतो म्हणून सांगितलंस?”

“तारीख नाही सांगितली.”

“पण येतो म्हणून सांगितलंस.”

“हो.”

“बाबांनी तुला न विचारता कंपनीला हो म्हटलं, तर तू दोन दिवस जेवला नाहीस. ओवा पीत होतास, मला कळत नव्हतं का?” तिचा आवाज चढला नव्हता. बापाचाच स्वभाव. “आता तू मला न विचारता चाकणला हो म्हटलंस. मी काय करू? मी पण ओवा पिऊ?”

मी म्हणालो, “मला वाटलं, तुलाही इथून सुटायचं असेल.”

“सुटायचंच आहे. पण तुला माझं काय माहीत आहे?”

मग तिने जे सांगितलं ते चार वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. आमचं लग्न ठरायच्या आधी तिचा कल्याणला बीएडला नंबर लागला होता. फी भरायची होती, तेवढ्यात मामा अकलोलीला जाऊन माझा विषय पक्का करून आले. घरी येऊन तिला म्हणाले, आता जावई इथेच राहणार, तुला कुठे जायची गरज नाही. मामांच्या दृष्टीने त्यांनी मुलीवर उपकारच केला होता. सगळ्या मुली घर सोडून जातात, तिला सोडावं लागलं नाही.

“तुला आणलं म्हणून मला बाहेर पडायचं कारणच उरलं नाही,” ती म्हणाली. “तू चार वर्षांपूर्वी आलास. मी जन्मापासून इथे आहे. आणि आता तू मला इथून काढून चाकणच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवणार. स्वयंपाकघर बदलेल, एवढंच.”

चादरीची घडी घालून ती खाली गेली. मी गच्चीवर उभा राहिलो. तिथून सगळीकडे गोडाऊनचे निळे पत्रेच दिसतात. मी स्वतःला त्या घरातला एकटा कैदी समजत होतो. ज्या खोलीत मी तसं समजत झोपत होतो त्याच खोलीत ती होती, आणि मी तिला घरमालकाची मुलगी म्हणून बघत होतो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं मामांसमोर बसलो. मी सांगायचं ठरवलं होतं, पण सुरुवात तिने केली. “मला बीएड करायचंय, या वर्षी अर्ज भरणार आहे.” मामांनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

“तुमची काय इच्छा, जावईबापू?”

“तिने करावं,” मी म्हणालो. “आणि मामा, गाळा माझ्या नावावर नको.”

“का?”

मग मी चाकणचं सांगितलं. त्यांच्या सोफ्याचा हात पाठवला होता तेही सांगितलं. भाजी निवडणाऱ्या मामींचा हात परडीतच थांबला. मामांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“माजा काय चुकला?” त्यांनी विचारलं.

या एका प्रश्नाची मला चार वर्षं भीती वाटत होती. चुकलेलं असं एकही मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, “काही नाही मामा. फक्त मला कधी कोणी विचारलं नाही.”

ते उठले आणि गाळ्यावर गेले. सुट्टीचा वार नसूनही त्यांनी त्या दिवशी कोणाला काम दिलं नाही, असं मिस्त्रीने नंतर सांगितलं.

चाकणला मी नाही म्हणून कळवलं. बायको म्हणाली होती, “जायचं असेल तर तू जा, मी अडवणार नाही.” ते ती मनापासून म्हणाली होती. पण एकट्याने जायचा मला धीर झाला नाही. हे मी आजपर्यंत कोणाला नीट सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगतो, तिच्या बीएडसाठी थांबलो. ते अर्धंच खरं आहे.

मामा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. जेवताना मान खाली. गाळ्यावर काही सांगायचं असेल तर मिस्त्रीला सांगायचे. जावईबापू हा शब्दच बंद झाला. मशीन मात्र आलं, त्यांच्या स्वतःच्या नावावरच्या गाळ्यात. नवव्या दिवशी मी त्यावर पहिली शीट लावली आणि घाईत चुकीच्या बाजूने लावली. महागाच्या प्लायमधून कटर आडवं गेलं. मामा दारात उभे होते.

“अरे, डोले फुटले का काय तुझे?” ते गाळा हादरेल असे ओरडले. “बघून लावता येत न्हाय? अख्खी शीट नासवलीस!”

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. आपण काय बोललो ते कळून मामा स्वतःच गोरेमोरे झाले. मला मात्र छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मीही ओरडलो. “शीट कोणत्या बाजूने लावायची त्याचा बाण तिच्यावर काढून ठेवा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही!” मग आम्ही दोघं त्या फुकट गेलेल्या शीटवरून अर्धा तास भांडलो. चहा आला तेव्हा थांबलो. तेव्हापासून ते मला कधी तुम्ही म्हणतात, कधी तू. राग असेल तेव्हा तू. दिवसातून दोनतीनदा तरी राग येतोच.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. मी अजून त्याच घरात राहतो, त्याच गाळ्यात जातो. सकाळी मशीन चालू करतो, संध्याकाळी बंद करतो, आणि मधे कधी कधी, कारण नसताना, बाहेर जाऊन कंटेनरच्या रांगेमागे उभा राहतो. चाकणची जागा भरली. मित्र आता फोन करत नाही. बायको सकाळी सातला रिक्षाने निघते, कल्याणला कॉलेज, दुपारी चारला परत. पहिले काही महिने मामा ती येईपर्यंत दारात खुर्ची टाकून बसायचे. आता बसत नाहीत. तिची कॉलेजची बॅग मात्र संध्याकाळी तेच आत नेऊन ठेवतात.

दुपारी मिस्त्री झोपला की मामा स्क्रीनसमोर स्टूल ओढून बसतात. त्यांना माउस धरता येत नाही. ते काचेला बोट लावून दाखवतात, इथे जरा पोट कमी कर. मी ठिपका सरकवतो. ते मान हलवतात. मी परत आणतो. कधी कधी तासभर एकाच वळणात जातो आणि शेवटी आम्ही आधीचंच ठेवतो.

तिचं बीएड पुढच्या वर्षी संपेल. परवा जेवण झाल्यावर ती म्हणाली की एका बाईंनी तिला जुन्नरकडच्या एका शाळेचं सांगितलंय, तिथे गणिताला शिक्षक नाही. राहायला खोली देतात. तिने अजून काही कळवलेलं नाही.

“तू येशील का?” तिने विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं आणि गाळा डोळ्यांपुढे आला. मशीन, स्टुलावर बसलेले मामा, सगळंच. नाही म्हणायलाही जमेना.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

“सांग,” ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. मी उठून तिच्या हातातली अर्धी ताटं घेतली. मामी आतून लगबगीने आल्या. मी त्यांना राहू द्या म्हटलं, आणि त्या दारातच थांबल्या.